गाडी मोडीत, नाव मोकळं

तमिळनाडूतल्या पापनाशमच्या बाजारात गेली काही वर्षं एकच प्रश्न सारखा कानावर येतो. "अम्मा, गाडीला पंधरा वर्षं झाली. आता सरकार उचलून नेणार का?" विचारणारा कधी भाताचा व्यापारी असतो, कधी शाळेतला शिपाई, कधी कुंभकोणमच्या आसपासची नवग्रहांची देवळं यात्रेकरूंना दाखवत फिरणारा टॅक्सीवाला. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. निवृत्त झाले तरी लोकांचे अर्ज भरून द्यायची सवय सुटली नाही, त्यामुळे असले प्रश्न आपसूक माझ्या ओसरीवर येतात.

आधी उत्तर देते. नाही, उचलून नेणार नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, हे मोटार वाहन कायद्यात 1988 पासून आहे. ती मुदत संपली की गाडी परिवहन कार्यालयात तपासून घ्यायची आणि नोंदणी आणखी 5 वर्षांसाठी वाढवून घ्यायची. गाडी धड असेल तर पुन्हा वाढवता येते. सक्तीची भीती पसरली ती दिल्लीमुळे. तिथल्या हवेचं कारण देऊन 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये ती उचलून धरली आणि 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन देऊ नये इथपर्यंत गोष्ट गेली. लोक खवळले, आदेश काही दिवसांत थांबवावा लागला, आणि त्याच ऑगस्टमध्ये न्यायालयानेही निव्वळ वयाकडे बोट दाखवून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. हा सगळा दिल्ली परिसराचा मामला. कावेरीच्या खोऱ्यात किंवा कृष्णेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाने त्यावरून झोप उडवून घेऊ नये.

देशभर लागू आहे ती वाहन मोडीत काढण्याची ऐच्छिक योजना. नागपूरच्या नितीन गडकरींनी मार्च 2021 मध्ये ती लोकसभेत मांडली आणि 13 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिची सुरुवात झाली. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात द्या, ती तिथे रीतसर मोडली जाईल, आणि नवीन गाडी घेताना तुम्हाला सवलती मिळतील, असा तिचा गाभा. ऐकायला सोपं आहे. पण "माझी गाडी यात बसते का?" असं कुणी विचारलं की मी गाडीचं वय विचारत नाही, मायलेज विचारत नाही. मी विचारते, "आरसी बुक कुणाच्या नावावर आहे?"

या एका प्रश्नावर आमच्या घरातली गाडी बरेच महिने अडकली होती.

आम्ही तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी खाली आली, त्यांपैकी काही कुंभकोणमला वसली आणि त्यांतलं आमचं एक पुढे पापनाशमला आलं. माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, 2005 मध्ये एक पांढरी मारुती 800 घेतली. टीएन-49 क्रमांकाची, म्हणजे तंजावरची. ती घेऊन तो तिरुपालैतुरैच्या देवळात जायचा, स्वामीमलैला जायचा, भावंडांना तंजावरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा. 2020 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा त्याने स्वतः रांगेत उभं राहून नोंदणी वाढवून आणली. तेव्हा शुल्क होतं 600 रुपये. पुढे तो गेला, आणि गाडी घराशेजारच्या छपराखाली उभी राहिली. वहिनी चालवत नाहीत. भाचा चेन्नईला नोकरीत. दोन पावसाळ्यांत चारही टायर बसले.

2025 मध्ये नोंदणीची वाढीव मुदत संपत आली तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "वन्सं, आता हिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. दारात उभी बघवत नाही आणि भंगारवाल्याला द्यायलाही हात होत नाही."

त्यांचा हात होत नव्हता ते बरंच झालं. भंगारच्या दुकानाला आमच्याकडे कायलान कडै म्हणतात. कुंभकोणमच्या रस्त्यावर अशी दुकानं कितीतरी. गाडी दाखवली की तो रोख पैसे हातावर ठेवतो आणि क्रेन लावून घेऊन जातो. कुठलाही कागद मागत नाही. कुंभकोणमच्या भांड्यांच्या दुकानात जुनं पितळ वजनावर देऊन नवा हंडा घ्यावा, तितका सोपा तो व्यवहार वाटतो. पण पितळेच्या हंड्यावर मालकाचं नाव सरकारदरबारी लिहिलेलं नसतं. गाडीवर असतं. दुकानात तिचे तुकडे झाले तरी 'वाहन' या केंद्रीय नोंदीत ती अण्णाच्या नावावर जिवंतच राहिली असती. तिची चासी दुसऱ्या एखाद्या चोरीच्या गाडीला लावली गेली, तिची नंबर प्लेट कुठल्या अपघातात सापडली, तर पोलीस पहिल्यांदा येणार ते आमच्या दारात. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं, असं कायद्याचं 55वं कलम सांगतं. कायलान कडैला गाडी देणारे शंभरातले किती जण हे करत असतील?

योजनेचे नियम 23 सप्टेंबर 2021 रोजी निघाले. त्यांत कुठल्या गाड्या केंद्रात घेता येतात याची यादी आहे आणि ती चांगली ऐसपैस आहे. नोंदणी न वाढवलेली गाडी, फिटनेस न मिळालेली गाडी, आग, दंगल, पूर किंवा अपघातात निकामी झालेली गाडी, सरकारी खात्यांनी काढून टाकलेली गाडी, पोलिसांनी जप्त केलेली किंवा बेवारस पडलेली गाडी, लिलावात घेतलेली गाडी. आणि शेवटी एक वाक्य, जे तुमच्या-माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं: मालक आपण होऊन देईल ती कोणतीही गाडी. वयाची अट नाही, चालू स्थितीत असण्याची अट नाही.

इथेच आपली योजना परदेशातल्या योजनांपेक्षा निराळी पडते. 2009 च्या मंदीत अमेरिकेने अशीच योजना आणली होती. तिथे गाडी 25 वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती, ती स्वतःच्या चाकांवर चालत यावी लागे, एकाच मालकाच्या नावावर वर्षभर सलग नोंदलेली आणि विमा उतरवलेली असावी लागे, आणि मोटारगाडी असेल तर तिचं सरकारी मायलेज गॅलनला 18 मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साधारण साडेसात किलोमीटर किंवा त्याहून कमी असावं लागे. मग नव्या गाडीवर 3,500 किंवा 4,500 डॉलर सूट. जुन्या गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ते चालू ठेवत, म्हणजे ते आतून गोठून कायमचं बंद पडे. पहिला एक अब्ज डॉलरचा निधी आठवडाभरातच संपत आला, आणखी दोन अब्ज घालावे लागले, आणि ऑगस्ट संपायच्या आत योजना बंद झाली. जर्मनीने त्याच वर्षी निदान 9 वर्षं जुन्या गाडीला 2,500 युरो दिले. दोन्हीकडे सरकारने आपल्या तिजोरीतून रक्कम मोजली, म्हणून पात्रतेची चाळणी गाडीला लावली. आपल्याकडे केंद्र सरकार हातात रोख देत नाही. आपली चाळणी कागदांना लागते.

ती कशी लागते ते सांगते.

अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर करायचा असतो. तो पुढे सरकण्याआधी संगणक गाडीची जन्मपत्रिका तपासतो. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का? कर किंवा दंड थकलेला आहे का? गाडी काळ्या यादीत आहे का? तिच्यावर गुन्हा नोंदलेला आहे का, चोरीच्या गाड्यांच्या राष्ट्रीय नोंदीत ती आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं की अर्ज थांबतो. गंमत अशी की हे अडथळे बहुतेक मालकांना ठाऊकच नसतात. बँकेचं कर्ज पंधरा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, बँकेने ना हरकत पत्र दिलेलं असतं, पण ते पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म परिवहन कार्यालयात कुणी दिलेलाच नसतो. नोंदीत बँक अजून मालकाच्या शेजारी बसलेली असते.

आमच्याकडे कर्ज नव्हतं. अण्णाने गाडी रोखीने घेतली होती. आमची अडचण तो स्वतः नसण्याची. मालक वारला तर गाडी वारसाच्या नावावर करायला 31 नंबरचा फॉर्म लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारस दाखला. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत हे उरकायचं असतं. दुःखाच्या घरात कोण उरकतं? घराचं, जमिनीचं, पेन्शनचं बघतात. गाडी छपराखाली राहून जाते. आमच्या राज्यात वारस दाखला तहसीलदार देतो आणि त्याचा अर्ज ई-सेवै केंद्रातून जातो. पापनाशम तालुक्याचं ठिकाण असल्याने निदान त्यासाठी बस पकडावी लागली नाही. वहिनी, भाचा आणि लग्न होऊन तिरुचीला गेलेली भाची, तिघांची नावं दाखल्यावर आली. दोघा मुलांनी आईच्या नावे संमतिपत्रं दिली आणि गाडी वहिनींच्या नावावर करण्याचा अर्ज तयार झाला.

त्यासाठी चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट हवा होता. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, रॉकेलचा बोळा घेऊन इंजिनामागच्या पत्र्यावरची धूळ आणि तेलाचा थर पुसला. खाली गंजाची तांबूस झाक आणि त्यात खोदलेले आकडे. त्यावर पातळ कागद धरून तो पेन्सिलीचं टोक आडवं घासत गेला, आणि एमए3 पासून सुरू होणारा तो नंबर काळ्या पार्श्वभूमीवर एकेक अक्षर उमटत आला. लहानपणी आम्ही नाण्याचा ठसा असाच घ्यायचो. मग त्याने टॉर्च धरून मला इंजिन नंबर वाचायला लावला. या गाडीच्या इंजिनाची जात एफ8बी. आरसीवर मात्र एफच्या पुढे दोन आठ छापलेले. जुनी पुस्तकं संगणकात चढवताना कुणीतरी 'बी'चा 8 वाचला असणार. वीस वर्षं त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण मोडीत काढण्याच्या अर्जात गाडी आणि नोंद अक्षर न अक्षर जुळावी लागते, म्हणून तिथे नक्कीच बिघडलं असतं.

दुरुस्तीसाठी मूळ बिल हवं. अण्णाचे कागद एका मंजप्पैत होते. तमिळनाडूत लग्नाच्या अहेरापासून रेशनच्या तांदळापर्यंत ज्यातून काहीही जातं ती पिवळी कापडी पिशवी. तिच्यात गाडीचं 2005 चं बिल, विक्रीचा दाखला, दर वर्षीचा विमा, प्रदूषण तपासणीच्या पावत्या, सगळं तारखेप्रमाणे दोऱ्याने बांधलेलं. बिलावर टंकलेलं 'एफ8बी' स्वच्छ दिसत होतं. त्या एका कागदावर दुरुस्ती झाली. मी आयुष्यभर लोकांची टपाल बचत पुस्तकं हाताळली, कागद जपून ठेवणारा माणूस मागे राहिलेल्यांना किती सुखात ठेवतो हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी अण्णाचा विशेष अभिमान वाटला.

या गडबडीत एकदा माझ्या मनात आलं, गाडी ठेवूनच का देऊ नये? हिशेब मांडला. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी वाढवण्याचं शुल्क 600 वरून 5,000 झालं होतं, आणि ऑगस्ट 2025 च्या नव्या नियमाने वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते 10,000 झालं. दुचाकीला 2,000. वर राज्याचा हरित कर, विमा, तपासणीत पास होण्याइतकी दुरुस्ती. जी गाडी रोज वापरात आहे, जिचं इंजिन तंदुरुस्त आहे, तिच्यासाठी पाच वर्षांना हा खर्च करणं अजूनही शहाणपणाचं आहे, असं मी पुष्कळांना सांगते. नवी गाडी घडवायलाही लोखंड आणि वीज लागतेच. आणि पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिच्यासाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय 2021 पासून आहे. घरात आजोबांची जुनी फियाट धडधाकट असेल तर तिला हात लावू नका. पण जी मारुती दोन वर्षं जागची हललेली नाही, तिच्यावर दहा हजार घालणं म्हणजे आठवणीला भाडं भरणं. वहिनींनाही ते पटलं.

आता पैशांचं. इथे लोकांची सगळ्यांत जास्त फसगत होते, म्हणून सावकाश वाचा.

गाडी केंद्रात दिल्यावर पहिली रक्कम मिळते ती भंगाराची. योजना मांडताना नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के असा अंदाज सांगितला गेला होता. नवी गाडी सहा लाखांची धरली तर 24 ते 36 हजार. पण केंद्र पैसे देतं ते वजनावर आणि त्या दिवशीच्या लोखंडाच्या भावावर. मारुती 800 भरते जेमतेम साडेसहाशे किलो, त्यातही काच, रबर, गाद्या वजा जातात. छोट्या गाडीला तो टक्का गाठणं अवघड, हे धरून चला. सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो, त्यात प्लॅटिनमच्या कुळातले धातू असतात. तो आधीच कुणी काढून नेला असेल, बॅटरी नसेल, तर भाव आणखी उतरतो. एकापेक्षा जास्त केंद्रांकडून भाव मागवा. कुठल्या राज्यात नोंदलेली गाडी कुठल्या केंद्रात द्यायची यावर बंधन नाही.

दुसरी सवलत नवी गाडी विकणाऱ्या कंपनीची. सरकारने कंपन्यांना 5 टक्क्यांपर्यंत सूट देण्याचं सुचवलं होतं. ऑगस्ट 2024 मध्ये बड्या कंपन्यांनी मान्य केलं ते दीड टक्का किंवा 20,000 रुपये, यांतलं जे कमी असेल ते. सहा लाखांवर दीड टक्का म्हणजे 9,000. अट अशी की गाडी गेल्या सहा महिन्यांत मोडीत दिलेली हवी, आणि एक्स्चेंज बोनस आणि ही सूट दोन्ही एकदम मिळत नाहीत. शिवाय प्रवासी गाड्यांसाठी ती एका वर्षापुरतीच जाहीर झाली होती. तेव्हा शोरूममध्ये आज ती चालू आहे का हे विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

तिसरी आणि सगळ्यांत जड सवलत राज्याच्या रस्ता कराची. केंद्राने खासगी गाडीसाठी 25 टक्के आणि व्यावसायिक गाडीसाठी 15 टक्के ही कमाल मर्यादा आखून दिली. त्या मर्यादेत किती द्यायचं ते प्रत्येक राज्य ठरवतं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2025 मध्ये 15 टक्के ठरवलं. तमिळनाडूत पाच ते दहा लाखांच्या नव्या मोटारीवर आजीवन कर 13 टक्के आहे, म्हणजे सहा लाखांवर 78,000. कुठल्या राज्याने एवढ्या करावर पूर्ण 25 टक्के सूट दिली तर 19,500 रुपये वाचतात. 15 टक्के दिली तर 11,700. या सवलतींना जुन्या गाडीच्या वयाच्या, नव्या गाडीच्या प्रकाराच्या अटी जोडलेल्या असतात आणि त्या राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. शोरूममधला तरुण विक्रेता तोंडी जे सांगतो त्यावर विसंबू नका. तुमच्या परिवहन कार्यालयात जाऊन चालू आदेश बघा. नव्या गाडीचं नोंदणी शुल्कही माफ होतं, पण ती रक्कम किरकोळ.

या सगळ्या सवलतींची किल्ली एकच कागद आहे, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. केंद्राने गाडी ताब्यात घेतली की ते 'वाहन' प्रणालीतूनच तयार होतं. कायलान कडैची पावती, दलालाच्या लेटरहेडवरचं पत्र, यांना शून्य किंमत. हा दाखला दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित करता येतो, अगदी विकताही येतो, फक्त संगणकावरून. एकदा वापरला की रद्द. मुदत दाखल्यावर असते, ती बघून ठेवा.

मला या योजनेतली जी गोष्ट मनापासून खटकते ती इथेच आहे. सवलत सगळी नव्या गाडीच्या खरेदीला बांधलेली आहे. वहिनींसारख्या सत्तरी ओलांडलेल्या बाईला नवी गाडी घ्यायचीच नाही. तिने जुनी गाडी रस्त्यावरून काढली, हवा राखली, लोखंड परत दिलं, आणि तिच्या हातात पडणार फक्त भंगाराचे पैसे. आमच्याकडे भाचा चेन्नईत पहिली गाडी घेणार होता म्हणून दाखल्याचा उपयोग घरातच झाला. ज्यांना असा भाचा नाही त्यांच्यासाठी दाखला विकण्याची वाट आहे, पण पापनाशमच्या अग्रहारात राहणाऱ्या वृद्ध जोडप्याला ती वाट कोण दाखवणार? परिवहन कार्यालयांनी हे काम अंगावर घ्यायला हवं.

दुसरी अडचण अंतराची. नोंदणीकृत केंद्रं मोठ्या शहरांच्या आणि कारखान्यांच्या आसपास उभी राहिली. देशातलं पहिलं संघटित केंद्र 2018 मध्ये ग्रेटर नोएडाला निघालं, मारुतीचं 2021 मध्ये नोएडाला. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातून गाडी न्यायची तर ट्रकवर चढवावी लागते, कारण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. पुष्कळ केंद्रं गाडी न्यायला स्वतःचं वाहन पाठवतात, पण वाहतुकीचा खर्च भावातून वजा होतो की नाही ते आधी ठरवून घ्यावं लागतं. भाच्याने चेन्नईकडच्या एका केंद्राशी बोलून वाहतुकीसकट भाव ठरवला. "आत्या, भंगाराला कायलान कडैवाला देत होता त्याहून फार जास्त नाही मिळत," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, त्या पैशांत तुझ्या वडिलांचं नाव मोकळं होतंय ते धर."

भाचा केंद्रात थांबून सगळं बघून आला. आधी बॅटरी काढली. टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल, इंजिनातलं तेल, रेडिएटरमधलं कूलंट वेगवेगळ्या पिंपांत उपसलं. एसीचा वायू हवेत न सोडता यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरला. रस्त्याकडेच्या भंगार दुकानात हेच तेल मातीत जातं, आणि आमच्याकडे ती माती भाताच्या खाचराला लागून असते. मग चासी नंबरचा तो पत्रा, ज्याचा आम्ही पेन्सिलीने ठसा घेतला होता, कापून बाजूला ठेवला. नियमाप्रमाणे तो तुकडा केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो. बाकी धड दाबून पोलाद गिरणीकडे. गाडी पूर्ण मोडल्यावर दुसरा दाखला मिळतो, वाहन मोडल्याचा. पहिला दाखला सवलतीसाठी, दुसरा तुमच्या सुटकेसाठी. दोन्ही घ्या.

देशात ही योजना अजून रांगतेच आहे. ऑगस्ट 2025 पर्यंत साधारण 3 लाख वाहनं अशी मोडली गेली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी सरकारी होती, कारण पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या 1 एप्रिल 2023 पासून सक्तीने बाद होतात. मोडीत काढण्याजोग्या गाड्यांचा आकडा स्वतः गडकरी 97 लाख सांगतात. त्या आहेत कुठे? माझ्या मते छपराखाली, चाळीच्या मागे, पोलीस ठाण्याच्या कुंपणाला टेकून, आणि कितीतरी वारलेल्या माणसांच्या नावावर.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आज एवढं करा. आरसी बाहेर काढा. त्यावरचं नाव, चासी नंबर, इंजिन नंबर गाडीशी ताडून बघा. बँकेचं नाव दिसत असेल तर ते उतरवा, दंड थकला असेल तर भरा, मालक वारला असेल तर या महिन्यातच वारस दाखल्याचा अर्ज द्या. गाडी केव्हा द्यायची ते मग सवडीने ठरवा. आणि ज्यांची गाडी अजून चालते आहे त्यांनी मूळ बिल फेकू नये, ते एखाद्या पिशवीत दोऱ्याने बांधून ठेवावं आणि पिशवी कुठे आहे ते मुलांना सांगून ठेवावं.